दोन्ही कान दिसले पाहिजेत

गेली सत्तावीस वर्षं मी लोकांचे कान बघते आहे. म्हैसूरच्या नजरबादमध्ये सरकारी कचेऱ्यांच्या गल्लीत आमचा एका शटरचा फोटो स्टुडिओ आहे. तिथं येणाऱ्याला हौसेचा फोटो नको असतो. त्याला अर्जाला चिकटवायचा फोटो हवा असतो, आणि तोही खिडकी बंद व्हायच्या आत. पासपोर्ट साइझ, मागे पांढरं, आठ कॉपी. पुरुषांना खिशातलं पेन काढायला सांगायचं, बायकांचे केस कानांमागे सारायचे, हनुवटी किंचित खाली घ्यायला लावायची आणि बटण दाबायचं. दोन्ही कान दिसले पाहिजेत. हा नियम अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आणि त्यांच्या लेखी तो सरकारच्याही आधीचा.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. किती पिढ्या म्हैसूरला झाल्या ते आता घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. आजोबा लुगडी रंगवायचे, लाकडी ठशांनी छापायचे. ते काम बसलं तेव्हा अप्पा रंगाच्या पिंपातून हात काढून डार्करूमच्या ट्रेमध्ये घालून मोकळे झाले. हात ओले ते ओलेच राहिले, असं ते म्हणायचे. माझ्या वाट्याला ओलंसुद्धा आलं नाही. माझ्या वेळेपर्यंत सगळं कोरडं होऊन गेलं होतं. मेमरी कार्ड, प्रिंटर, कात्री. माझं लग्न झालं नाही, त्याची कारणं सांगत बसायचा मला कंटाळा येतो. स्टुडिओच्या वर दोन खोल्या आहेत, तिथं मी आणि अप्पा राहतो. मध्ये अकरा पायऱ्या.

पन्नाशी ओलांडली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मला चेहरे आठवेनासे झाले होते. गिऱ्हाईक पायरी उतरलं की पुसलं जायचं. रस्त्यात एखादी बाई हसून थांबायची, ओळखलं नाही का विचारायची, आणि मी वेड्यासारखी तिच्या कानांकडे बघत राहायची. दिवसभर माणसं समोर बसवून एकही माणूस न बघणं हे कामाचं कौशल्य आहे की आजार, ते मला ठरवता येईना. त्यात हळूहळू कचेऱ्यांनीही आपापले कॅमेरे टेबलावर बसवले. दुपारी दोन ते चार मी शटरमध्ये स्टूल टाकून रस्त्याकडे बघत बसायची. वैताग यायलाही अंगात थोडा जोर लागतो. माझ्यात तोही उरला नव्हता.

मग शिवरात्रीनंतरच्या आठवड्यात अप्पांना अर्धांगाचा झटका आला. हलका आहे, नशीबवान आहात, असं डॉक्टर म्हणाले. खरंही होतं. महिन्याभरात हात परत आला, पाय परत आला, बोलणंही बऱ्यापैकी सुटलं. चेहरा मात्र आला नाही. डावा डोळा खाली उतरला, गाल सैल पडला आणि ओठाचा कोपरा कुणी दोऱ्यानं खाली ओढून धरल्यासारखा राहिला.

अप्पांनी जिना उतरणं सोडलं. पायात ताकद होती. काठी घेऊन ते खोलीत फिरायचे, गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालायचे, पण जिन्याच्या तोंडाशी आले की मागे वळायचे. न्हावी घरी यायला लागला. पूर्वी दर सोमवारी ते बसनं नंजनगूडला देवळात जायचे. त्या बसमध्ये त्यांचा दरबार भरायचा, कारण रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांतल्या निम्म्यांचे फोटो त्यांनीच काढलेले. आता सोमवार आला की मी विचारायची आणि त्यांचं उत्तर ठरलेलं.

"कार्डावरचा माणूस वेगळा हाय आता," ते म्हणायचे. ज्येष्ठ नागरिकांचं बसचं कार्ड, त्यावर त्यांचा जुना फोटो. "कंडक्टर विचारतो, हे यारु, कोण म्हणून. काय सांगू त्याला?"

"कोणी विचारत नाई अप्पा."

"होगली बिडु, जाऊ दे. बेडा, नको."

मला ती निव्वळ सबब वाटायची. मी वादही घालत नसे. खाली गिऱ्हाईक असायचं, वर कुकर असायचा.

अशात एक बाई व्हिसाच्या फोटोसाठी आल्या. चाळिशीच्या, मूळच्या पुण्याच्या, कुवेंपुनगरला राहणाऱ्या, कंपनीत नोकरी. मी त्यांची कॉलर सरळ केली, दोन बोटांनी हनुवटी फिरवली, दिवा वीतभर मागे ओढला. त्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "ताई, तुमचा हात चांगला आहे. रविवारी सकाळी आम्ही सहा-सात जण रस्त्यावर फोटो काढत फिरतो. मी शिकवते थोडंफार. येता का?"

त्यांचं मराठी ऐकून मला आमच्या शाळेतलं इन्स्पेक्शन आठवलं. इतकं धुतलेलं मराठी आमच्याकडे बोलतच नाहीत. मी हो म्हटलं ते शिकायच्या ओढीनं नव्हे. रविवारी सकाळी दोन तास त्या दोन खोल्यांत नसणं, एवढंच मला हवं होतं. हे आता लिहिताना वाईट दिसतं, पण तसंच होतं.

पहिल्या रविवारी मी जे केलं ते आमच्याच घरचं माणूस करू जाणे. देवराज मार्केटमध्ये विड्याच्या पानांचा ढीग घेऊन एक म्हातारा बसला होता. मॅडमनी, म्हणजे त्या पुण्याच्या बाईंनी, सांगितलं होतं की न बोलता, न थांबवता, चालू आयुष्याचा फोटो घ्यायचा. मी कॅमेरा उचलला आणि तोंडातून आपोआप निघालं, "तले नेट्टगे इडी." म्हणजे डोकं सरळ ठेवा. म्हाताऱ्यानं गुमान टोपी काढली, पाठ ताठ केली, श्वास धरला. मी फोटो काढला. शेजारचा केळीवाला त्याच्यामागे येऊन उभा राहिला, त्याचाही काढला. मग हळदकुंकूवाली. मागे रांगच लागली. म्हाताऱ्यानं विचारलं, "कॉपी यावाग सिगुत्ते?" कॉपी कधी मिळणार? मी म्हटलं, अर्ध्या तासात.

चहाच्या टपरीवर मॅडमनी माझे फोटो बघितले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बत्तीस फोटो, बत्तीस माणसं बरोबर मध्यभागी, चौसष्ट कान. "ताई, हे मार्केट आहे की पासपोर्ट ऑफिस?" मीही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, त्यामुळे गाल दुखले.

नियम मी भराभर शिकले, कारण नियम पाळणं एवढंच मला आयुष्यात येतं. चौकटीत दोन उभ्या, दोन आडव्या रेघा कल्पायच्या आणि माणसाला मधल्या घरात न बसवता रेघेवर बसवायचं. तो ज्या बाजूला बघतो त्या बाजूला जागा सोडायची, त्याची नजर भिंतीवर आपटू द्यायची नाही. डोक्यातून विजेचा खांब उगवला नाही ना बघायचं. बटण दाबायच्या आधी चारी कडांवरून एकदा नजर फिरवायची, कुणाचं अर्धं कोपर, कुणाची अर्धी चप्पल आत आलेली नको. गुडघ्यात माणूस कापायचा नाही. रस्ता, रेलिंग, सावली यांच्या रेघा माणसाकडे नेणाऱ्या हव्यात. मी या सगळ्याला शरण गेले. टांगेवाला उजव्या रेघेवर, घोडा डाव्या. शेंगदाणेवालीच्या पुढे मोकळा फुटपाथ. सहा रविवार माझे फोटो इतके शहाणे येत होते की मलाच जांभई यायची. गुडघे वेगळे दुखायचे. घरी आले की अप्पा खिडकीशी खुर्चीत बसलेले असायचे. मी त्यांना चहा द्यायची आणि स्वयंपाकाला लागायची.

एका रविवारी मी मॅडमना जरा चिडूनच विचारलं, "हे सगळं पाळलं तरी फोटो मेलेला का येतो? आणि तुम्ही स्वतः तर परवा डोक्यातून खांब उगवलेला फोटो काढलात. तो चालतो तो?"

त्या म्हणाल्या, "नियम काय सांभाळतोय ते आधी बघायचं, ताई. नजरेपुढे जागा सोडायची, कारण माणूस कोंडल्यासारखा वाटू नये. पण तो कोंडलेलाच असेल तर? मग जागा सोडलीत तर ते खोटं होईल. नियम ज्याचं रक्षण करतो ते तुम्हाला हवं असेल तेव्हा तो पाळायचा. नसेल तेव्हा सोडायचा. सोडताना घाबरायचं नाही."

हे मला पटलं. परत येताना बसमध्ये मी आमच्या घरच्या नियमाचा विचार केला. दोन्ही कान कशाचं रक्षण करतात? कारकुनाच्या वेळेचं. बाकी कशाचं नाही. सत्तावीस वर्षं मी एका कारकुनाचा वेळ वाचवत होते, असं वाटून मला इतकं रिकामं वाटलं की मी एक स्टॉप पुढे जाऊन उतरले.

मग दसरा आला. दसऱ्याचं आमच्या भागात राहणाऱ्यांना काय कौतुक असणार. रस्ते बंद, बस वळवलेल्या, दारात लोकांच्या गाड्या. आयुधपूजेच्या दिवशी मात्र अप्पा दर वर्षी स्टुडिओत सगळी हत्यारं मांडायचे: जुना लाकडी कॅमेरा, एनलार्जर, कात्र्या, माझा डिजिटल कॅमेरा. सगळ्यांना गंध-फूल, दारात कोहळा. पूजा झाली की त्या दिवशी एकाही वस्तूला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस सुट्टी. त्या वर्षी ते खाली आले नाहीत. मीच सगळं दोन फेऱ्यांत वर नेलं, त्यांनी खुर्चीत बसून कुंकू लावलं. माझ्या कॅमेऱ्याला लावताना बोट घसरलं आणि लेन्सच्या कडेला लाल ओघळ आला. तो मी नंतर इअरबडनं पुसत बसले.

कुंकू लावून झाल्यावर ते म्हणाले, "पुट्टी, माझा एक फोटो काढ."

पुट्टी म्हणजे लहान मुलगी. मी बावन्न वर्षांची आहे.

"कशाला?"

"भिंतीला. तुझ्या आईच्या फोटोच्या बाजूला लावायला. नंतर तू धावपळ करशील, कार्डावरचा मोठा करून लावशील. तो ठिपके ठिपके होऊन फाटेल सगळा. आधीच एक काढून ठेव."

"अप्पा, सणाच्या दिवशी काय हे?"

"आज नको. आज त्याला सुट्टी हाय," ते कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "नंतर काढ."

फोटोवाल्याच्या घरात फोटोवाल्याचाच फोटो नसतो. कार्डासाठी मी घाईत काढलेला तो सोडला तर अप्पांचा एकटा असा एकही नव्हता. मी हो म्हटलं आणि टाळत राहिले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. आमच्या पद्धतीनं काढायचा म्हणजे स्टुलावर बसवायचं, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, समोरून. मग तो डोळा, तो गाल, तो ओठ, सगळं पांढऱ्या पडद्यासमोर लखलखीत. ते आयुष्यभर भिंतीवर? मला ते सोसणार नव्हतं. आणि मग मला मॅडमचं बोलणं आठवलं. नियम सोडायचा. घाबरायचं नाही.

नोव्हेंबरात एका रविवारी सकाळी मी फिरायला निघाले आणि समोरच्या फुटपाथवरून सहज वर बघितलं. अप्पा खिडकीत बसले होते. कोवळं ऊन त्यांच्या उजव्या गालावर पडलं होतं, डावी बाजू खोलीच्या अंधारात होती. ते रस्त्याच्या वरच्या टोकाकडे बघत होते, सोमवारची बस जिथून वळते तिकडे. खिडकीचे गज, खालून जाणाऱ्या दोन तारा, पोपडे आलेली पिवळी भिंत. मी श्वास धरला. खिडकी डाव्या रेघेवर घेतली, ते बघत होते त्या बाजूला भिंत मोकळी सोडली, तारा त्यांच्यापर्यंत येऊ दिल्या, कडा तपासल्या. एक कबुतर उडून जायची वाट पाहिली. फोटोत एकच कान होता.

मॅडमनी तो फोटो मोबाइलवर मोठा केला, परत लहान केला, परत मोठा केला. "ताई," शेवटी म्हणाल्या, "आता तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही." डिसेंबरात ग्रुपनं एक छोटा हॉल घेऊन दोन दिवसांचं प्रदर्शन केलं, त्यात दारासमोरच्या भिंतीवर तो लावला. लोक थांबत होते. कुणी म्हणालं, काय शांती आहे चेहऱ्यावर. एका बाईंनी डोळे पुसले. मी शेजारी उभी होते, पाय सुजले होते, पण मला हलावंसं वाटत नव्हतं. सत्तावीस वर्षांत माझ्या फोटोसमोर कुणी अर्ध्या मिनिटाच्या वर थांबलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी मी ती मोठी प्रिंट ब्राउन पेपरमध्ये गुंडाळून घरी आणली. अप्पांच्या मांडीवर ठेवली आणि दिवा लावला. भिंतीचं काम झालं, असं मनात म्हटलं.

अप्पांनी चष्मा चढवला. आधी चारी कडा बघितल्या, मग उजेड कुठून आला ते. चेहऱ्याकडे ते सगळ्यात शेवटी आले. जुनी सवय.

"परवागिल्ला," ते म्हणाले. बरा आहे, वाईट नाही. अप्पांकडून मला मिळालेली ही आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी.

मी खूश होऊन चहा ठेवायला उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पण नोडु, बघ पुट्टी, हा फोटो तुझा नाई."

"मग कुणाचा?"

"माझा. खुर्ची तिथं कोण लावली? पडदा तेवढाच कोण सरकवला? ही बाजू बाहेर, ती बाजू आत. शिवरात्रीपासून हाच फोटो लावून बसलोय मी. रस्त्यावरून कोणी वर बघितलं तर बरा दिसावा म्हणून. तू येऊन बटण दाबलीस, अष्टे. तेवढंच."

"चांगला आलाय म्हणालात ना?"

"चांगलाच हाय. लोकांसाठी चांगला हाय." प्रिंटवरून त्यांनी हात फिरवला, जिथं डावी बाजू असायला हवी होती त्या काळ्या जागेवरून. "सगळ्यांसाठी मी असा बसलो. तू सगळ्यांतली नाई ना. मला वाटलं, तू तरी समोर येशील."

आणि मग मी भडकले. रडू येणार असलं की मी आधी भडकते. म्हटलं, मग तोंड उघडून सांगायचं होतं. सकाळी सहापासून मी जिना चढते-उतरते, गोळ्या, पथ्याचं जेवण, न्हावी, खाली गिऱ्हाईक, वर तुम्ही, आठवड्यात दोन तास माझे आहेत, त्यातही मी तुमचाच फोटो काढला. मनानं काय काय ओळखायचं मी? मला कंटाळा आलाय अप्पा. मी थकलेय.

"मी पण," अप्पा म्हणाले.

त्यांनी प्रिंट उलटी करून बाजूला ठेवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे पुढे भांडताही येईना.

मी पानं वाढली. आणि माझं ताट खाली ठेवताना माझा हात थांबला. मी ते त्यांच्या उजव्या हाताला ठेवत होते. भिंतीला टेकून, त्यांच्या उजव्या गालाशेजारी. शिवरात्रीच्या आधी मी समोर बसायची. वर्षानुवर्षं समोर बसायची, कारण मधे लोणच्याची बरणी असायची आणि ती दोघांच्याही हाताला यायची. बरणी अजून तिथंच होती. मी कधी उठून बाजूला गेले? कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. औषध देताना मी गोळीकडे बघायची, चहा देताना कपाकडे. दहा महिने मी माझ्या वडिलांना समोरून बघितलं नव्हतं. खिडकीत बसून ते जे करत होते तेच मी खोलीत वावरून करत होते. आणि त्याला मी दमणं म्हणत होते. दमले होतेच, खोटं नाही. पण ते सगळं काही दमणं नव्हतं.

मला स्वतःची लाज वाटली. तरी त्या दिवशी मी ताट उचलून समोर नेलं नाही. तेवढं धैर्य जेवणाच्या वेळी येत नाही.

पुढचे चार दिवस आम्ही गरजेपुरतं बोललो. मॅडमचा फोन आला, तो फोटो एका मोठ्या स्पर्धेला पाठवू या म्हणाल्या. मी नको म्हटलं. का ते त्यांना समजावून सांगता आलं नाही. त्या जराशा दुखावल्या असाव्यात.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला गल्ली सुस्तावली होती. मी स्टुलावर बसून पासपोर्टच्या शीट कापत होते. जिन्यात काठीचा आवाज आला. मी उठले नाही. उठले असते तर ते थांबले असते. एक पायरी, काठी, मग दुसरा पाय. मी मोजत होते. अकरा पायऱ्यांना त्यांना मी सहा शीट कापेपर्यंतचा वेळ लागला. ते आत आले तेव्हा त्यांनी धुवट पांढरा शर्ट घातला होता, वरचं बटण लावलं होतं आणि खिशातलं पेन काढून ठेवलेलं होतं.

ते पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसले. याच स्टुलासमोर उभं राहून त्यांनी अर्ध्या नजरबादची डोकी सरळ केली होती.

मी दोन्ही दिवे लावले. सारख्या अंतरावर, सारख्या उंचीवर, कुठंही सावली नाही. मॅडम ज्याला सपाट म्हणतात तो उजेड. कॅमेरा उचलला आणि परत खाली ठेवला. आधी नुसत्या डोळ्यांनी बघायचं होतं.

मी बघितलं. डावा डोळा उजव्यापेक्षा लहान झाला होता आणि सारखा ओला होता. गालाला एक नवी घडी पडली होती. ओठाचा कोपरा खाली, आणि तिथं दाढीचे चार पांढरे केस न्हाव्याकडून राहून गेलेले. आजीचं नाक. माझं कपाळ. उजवी बाजू माझ्याकडे बघत होती, डावीही बघत होती, जरा उशिरा पोचत होती इतकंच. हे मला दहा महिने कुणी दाखवलं नव्हतं, कारण दाखवणारी मीच होते.

अप्पांनी बोटानं ओठाचा कोपरा वर उचलून धरायचा प्रयत्न केला. बोट काढलं, तो परत खाली आला.

"राहू दे अप्पा," मी म्हटलं.

"सुम्मने, उगाच बघत बसू नको. काढ."

मी त्यांच्याजवळ गेले. मानेवरचे केस सारखे केले, कानांमागचे मागे घेतले. दोन बोटांनी हनुवटी धरली. सत्तावीस वर्षं हजारो माणसांची धरली, ही पहिल्यांदाच. मग मागे येऊन, घसा खाकरून, गिऱ्हाइकाला सांगतात तसं सांगितलं, "तले नेट्टगे. गद्द स्वल्प केळगे. कण्णु मुच्चबेडि."

डोकं सरळ. हनुवटी जराशी खाली. डोळे मिटू नका. ही तिन्ही वाक्यं त्यांचीच.

त्यांनी ऐकलं. पाठ ताठ केली. माणूस बरोबर मध्यभागी, नजर थेट माझ्यात, आजूबाजूला कसलीही जागा सोडलेली नाही. दोन्ही कान दिसत होते. मी बटण दाबलं.

स्क्रीनवर त्यांनी फोटो बघितला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, मी दिवे बंद करायचं निमित्त काढून पाठ केली होती. मग पुन्हा वळले, कारण पाठ करायची नाही असं आता ठरवलं होतं. ते स्वतःकडे बघत होते, चेहऱ्यावर चेहरा ठेवून ताडून बघावा तसं.

"ओळख पटते," ते म्हणाले.

"भिंतीसाठी मोठा करू? बारा बाय अठरा?"

"भिंतीची काय घाई हाय?" अप्पांनी काठी शोधली. "पासपोर्ट साइझ काढ. बसच्या कार्डाला दोन लागतात."

"शीटमध्ये आठ येतात अप्पा. उरलेल्या सहांचं काय करू?"

ते स्टुलावरून उठले, उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"ठेव," म्हणाले. "लागतील."